एका चौकोनात दोघी

सातारा,
९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, भावकीच्या ग्रुपमधून तर बाहेरच पडलीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. माझं अक्षर तुला कधीच लागलं नाही, तरी नेटानं वाच. इकडे थंडी चांगलीच पडलीय. आईची तब्येत बरी आहे. माझ्या स्वानंदीला पुण्यात नोकरी लागली. तुमच्या आष्ट्याला ऊसतोडी सुरू झाल्या असतील. दाजींचा खोकला कसा आहे?

आता मुद्द्याचं लिहितो.

वंशावळीचं ते सॉफ्टवेअर स्वानंदीनं दिवाळीत मला लॅपटॉपवर घालून दिलं. रिटायर माणसाला उद्योग, दुसरं काय. आप्पांच्या नावापुढे मी त्यांच्या दोन बायका दोन चौकोनांत भरल्या, दोन्ही शरयू. लगेच पाटी आली, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करू का? चष्मा कपाळावर आणि बोटाला घाई. 'हो' दाबून मोकळा झालो. तर लाल त्रिकोण उभा राहिला: मुलाचा जन्म आईच्या मृत्यूनंतर. ते मूल म्हणजे मी. मला हसूच आलं. म्हटलं, वेगळं करायचं ते सावकाश बघू, आधी हा त्रिकोण तर घालवू. आणि मृत्यूची तारीख पुसून टाकली. त्रिकोण गेला. मग वर माझ्या आईचा फोटो लावला आणि मोठ्या हौसेनं सगळं झाड ग्रुपवर धाडून दिलं.

तुझी आई मेलीच नाही, असं मी सगळ्या भावकीला कळवलं, ताई. वर तिच्या नावावर दुसरीचा चेहरा चिकटवला. तू एक अक्षर न बोलता ग्रुप सोडलास. चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

अर्थात हे आपल्या घरात आधीच एकदा होऊन गेलंय. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची. वर्षभरात आप्पांचं दुसरं लग्न झालं आणि आजीनं नव्या सुनेचं नावही शरयूच ठेवायला लावलं. का, तर पोरीला सांगता येईल, आई माहेराहून परत आली. तू उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ही न्हवं." ही गोष्ट आपल्याकडे दर लग्नकार्यात हसत सांगितली जायची. मीही हसायचो. तू उठून पाणी प्यायला आत जायचीस.

परवा दोघींना वेगळं करायला बसलो. ते जमलं, पण दुसऱ्या चौकोनात लग्नाआधीचं नाव मागायला लागलं. मला ते येईना. एकसष्ट वर्षांचा बाप्या मी, आणि स्वतःच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. तसाच उठून तिच्या खोलीत गेलो आणि विचारलं.

"अर्जुना," म्हणाली. "म्हायेरी कुंडलला समदी अर्जीच म्हणायची."

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"कुणी इचारलं? लग्नात तुज्या आप्पांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव काढलं. मला वाचता येत हुतं रं, चौथी झाल्ती माजी. शरयू. म्हटलं, ही तर मेल्याली बाई. तिचं नाव घिऊन तिच्या लेकीम्होरं कशी जाऊ? पर गेले."

मग म्हणाली, "पोरगी मला कदी आई म्हणली न्हाई. बरं केलं. त्या लबाडीत सामील न्हवती ती एकटीच."

हिनं तुझ्या आईचं नाव बळकावलं, असं तुला जन्मभर वाटत आलं. हिचंही नाव कुणीतरी काढून घेतलंय, हे मला एकदाही सुचलं नाही. एका घरात राहून तुम्ही दोघी एकमेकींशी 'अहो' आणि 'तुम्ही' करत राहिलात. मधे मी होतो, मला विचारता आलं असतं. आता फार वाईट वाटतंय.

झाड दुरुस्त केलंय. तुझ्या आईची तारीख परत घातली. तिच्या चौकोनात फोटो नाही, तिचा एकुलता फोटो तुझ्याच ट्रंकेत आहे. आईचा फोटो अर्जुना या नावावर ठेवला. अजून कुणाला पाठवलेलं नाही, आधी तू बघ.

आणि वर आईची तब्येत बरी आहे असं लिहिलंय, ते खरं नाही. दिवाळीपासून ती अंथरुणावरून उठलेली नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. तुला कळवलं आणि तू आली नाहीस तर, या भीतीनं गप्प बसलो होतो.

तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर तिनं निरोप दिला, तो तिच्याच शब्दांत लिहितो. "तिला म्हणावं, मला आई म्हणाय येऊ नगं. एकदा अर्जुना म्हणून हाक मार. लय वरसं झाली त्या नावानं ओ दिऊन."

कुंडलला तिला त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. काल दाराआड उभा राहून मी प्रयत्न केला, पण तोंडातून शब्द फुटेना. मी तिचा मुलगा, मला ती हाक मारता येत नाही. तू तिची मुलगी नाहीस, ताई. तुला येईल.

येताना तुझ्या आईचा फोटो आण.

शरयूच्या मुलीची वाट बघणारा,
अर्जुनाचा मुलगा
हरी