बारा महिने सलग

३ मार्च १९६४
तार आली! खलील कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये होता. सही मीच केली, फोडलीही मीच. इंग्रजीत चार शब्द – आई अत्यवस्थ, लवकर ये. सासूला मी कधी पाहिलेलं नाही. गाझाच्या निर्वासित छावणीत राहते, एवढंच ठाऊक.

खलीलच्या नागरिकत्वाच्या अर्जाला इथला बारा महिन्यांचा सलग मुक्काम लागतो. ते १२ एप्रिलला भरतात. पाऊल देशाबाहेर पडलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून! आणि परत येणार कशावर? पासपोर्ट नाही – देशच उरला नाही तर देणार कोण! इजिप्त सरकारनं दिलेला प्रवासाचा कागद तेवढा आहे. मागच्या खेपेस त्याचा भाऊ वारला म्हणून गेला, तर परतीच्या व्हिशाला सात महिने लागले. तोवर मुलगी चालायला शिकली.

तार लुगड्याच्या घडीत ठेवली.

४ मार्च
सांगितलं नाही.

११ मार्च
खलील ठाण्यात हजेरी देऊन आला. यवतमाळला जायचं तरी आधी तिथं कळवावं लागतं. जमादार म्हणाला, "तुमी तं आमचेच, पन रजिस्टर आयकत नाही ना!" वर हसला म्हणे. परदेशी बाई इथल्या पुरुषाशी लग्न करून नागरिक होऊ शकते. पुरुषाला ती सोय नाही. मी इथली, मुलगी इथली, नवरा तेवढा कुठलाच नाही!

जेवताना मला म्हणाला, "काहून गप गप राह्यते, नलू?" भाकरी करपली.

२९ मार्च
मराठी येते असा दाखला लागतो. बाबांनी लिहून दिला, शाळामास्तर ना ते! म्हणाले, "जावई माह्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलते." सगळे हसलो. खलील हसला नाही.

१३ एप्रिल
भरले! अर्ज दिला. आज ती तार त्याच्या हाती द्यायची ठरवली होती. धीर झाला नाही. ठाण्यापेक्षा मीच त्याला जास्त कोंडून ठेवलंय. भित्री बाई मी, दुसरं काय!

८ मे
अर्ज परत. "पूर्वीच्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा जोडा." कोणत्या देशाचं? खलील कारकुनापुढं तासभर बोलला. कारकून म्हणाला, "मंग देश नाही म्हून दाखला आना." कुणाकडून आणायचा?

बाबा भडकले – "आमी छप्पन साली धर्म सोडला, तवा सोडल्याचा दाखला कोनं मांगतला?"

दोन महिने फुकट लपवली मी ती तार.

९ मे
तार त्याच्या हातात ठेवली. त्यानं उघडलीसुद्धा नाही.

"तारमास्तरनं मले दुसऱ्याच दिवशी इचारलं, मायची तब्येत कशी हाये म्हून."

पहिलीनंतर तीन दिवसांनी दुसरी तार आली होती. ती त्यानं पोस्टातच घेतली. तिच्यात एवढंच – आई गेली. घरी का आणली नाहीस, विचारलं.

"तुले सोसलं नसतं," म्हणाला.