धोपटण्याच्या दगडावरचं गीत

सोन्दोंग, २० ऑक्टोबर १९६२

इन्सनच्या आईस,

स. स. वि. वि. तू बुसानला लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, त्याबद्दल तक्रार नाही. नात तुझ्यासारखी रडते असं जावईबापूंनी कळवलं, म्हणजे खणखणीत असणार.

इकडे माझी पंचाईत झाली आहे. पुढच्या महिन्यात उपकारस्तुतीच्या रविवारी आपल्या ख्रिस्ती मंडळीचा सुवर्णमहोत्सव, आणि माझं गीत पुढे सरकत नाही. चर्चचे पाळक म्हणाले, वेळेत जमलं नाही तर दंतवैद्य खू यांचं घेऊ. त्यांच्या गीतात स्वर्गाच्या दाराशीसुद्धा दातदुखीच थांबते. आपल्या मंडळीने ते गायचं आणि मी ते ऐकत बसायचं, त्यापेक्षा मेलेलं बरं.

महोत्सवाच्या पुस्तिकेत माझी प्रेरणा म्हणून ‘डोंगरावरील उपास व प्रार्थना’ असं छापूनही झालंय. म्हणून खरंच डोंगरावर जाऊन बसलो. प्रेरणा आली नाही, सर्दी आली. आई म्हणते, सून गेली आणि घर मुकं झालं. तिला काय म्हणायचंय ते तुला कळत असेल तर कळव.

तुझा लोभ आहेच; तुझं किमचीचं लोणचं मात्र संपत आलं.

इन्सनचे आप्पा


बुसान, २६ ऑक्टोबर

इन्सनच्या आप्पांस,

सादर सलाम, वि. वि. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळंतिणीचं समुद्रशेवाळाचं सूप पिऊन इन्सन वैतागली आहे, पण मी सोडत नाही.

डोंगराचं मला नका सांगू. तुम्ही उपासाला म्हणून सकाळी चढायचात आणि भाताच्या खरपुडीचा वास आला की जेवणाआधी खाली. आईंचं म्हणणं मला कळलं. मागच्या अंगणात मी आणि आई समोरासमोर बसून खळ दिलेलं कापड दगडावर दांडक्यांनी धोपटायचो, तेव्हा तुम्ही ओसरीवर गुडघ्यावर ठेका धरायचात. त्याच दिवशी गीत व्हायचं. देवळात मी प्रत्येक गीत ओळखते, हे चादरीचं, हे आईंच्या झग्याचं. ते विजयाचं गीत सगळा जिल्हा गातो ना, ते झालं त्या दिवशी आईंनी माझा किमचीचा रांजण फोडला होता आणि मी रागाने धोपटत होते.

आणि तुमच्या गीतांत ती शांत जागा येते, जिथे लोक डोळे पुसतात, तिथे मी कापडावर फवारा मारायला तोंडात पाणी भरत असे.

आता बसा आईंसमोर आणि धोपटा. अंगठा सांभाळा.

नातीत अडकलेली,
इन्सनची आई


सोन्दोंग, १९ नोव्हेंबर

सौ. बोंग सुन्नम हिस,

स. स. वि. वि. हे नाव बघून दचकू नकोस, पत्र तुलाच आहे. कारण पुढे येईल.

बसलो आईसमोर. पहिल्याच फेरीत तिने माझा अंगठा धोपटला आणि वर म्हणाली, सुनेचा कधी मध्ये आला नाही, तो कामाचा होता. शेजारणी कुंपणावरून विचारू लागल्या, गीतं सोडून धोब्याचं काम धरलं काय. तेवढ्यात पाळक तगादा लावायला आले. अंगठा बघून त्यांनीच बाह्या सरसावल्या आणि माझ्या जागी बसले. मी ओसरीवर जाऊन गुडघ्यावर ठेका धरला. संध्याकाळपर्यंत गीत पुरं झालं, आणि पाळकांचा हात वर होईना.

काल गायलं. शांत जागा आली तसे पुरुषांच्या बाजूला रुमाल निघाले. बायकांच्या बाजूला बघतो तर सगळ्या म्हाताऱ्यांचे गाल फवाऱ्याचं पाणी भरल्यासारखे फुगलेले, सवयीने. एकीला हसू फुटलं आणि अख्खी बाजू हसत सुटली. दंतवैद्य खू यांना वाटलं, आपल्यालाच हसतायत. ते उठून गेले.

मग मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. पाळक म्हणाले, पुस्तिकेतला डोंगर खोडून भगिनींचं नाव घालू, नाव काय? मंडळीत कुणालाच सांगता येईना. तीस वर्षं तू सगळ्यांची इन्सनची आई. मलाही पटकन आठवेना गं, आणि फार लाज वाटली. शेवटी मागच्या रांगेतून आईच ओरडली, बोंग सुन्नम, बोंग सुन्नम म्हणून.

आता प्रत्येक पुस्तिकेत मीच ते हाताने लिहितोय. तुझी दांडकी आईने पुसून ठेवली आहेत, मला हात लावू देत नाही. लवकर ये.

तुझा,
दोकसू