मापाचा डावा हात

मिस, पियानोच्या त्या पीसमधला डावा हात तुम्ही बदललात आणि मला सांगितलं नाहीत. हे मला गेल्या महिन्यात कळलं, औंधमधल्या एका घरात, फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसांसमोर. तुम्ही असतात तर कॅम्पात येऊन तुमची बेल वाजवली असती आणि दारातच विचारलं असतं. पण मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाच तुम्ही गेलात, म्हणून लिहिते आहे.

मी पाचवीत आहे. शाळेच्या हॉलमध्ये प्रार्थनेआधी सतरंज्या घालणं चाललंय आणि तुम्ही कुणासाठी म्हणून नाही, नुसतंच वाजवत बसला आहात. डाव्या हाताचं संथ, खोल हेलकावणं आणि त्याच्यावर उजव्या हातातली एक सरळ ओळ. मी दाराशी थांबते. वाजवणं संपल्यावर तुमचं लक्ष जातं. "काय गं, वर्ग नाही का तुला?" मी विचारते, "मिस, हे मला कधी येईल?" तोवर मी पियानोला हातही लावलेला नव्हता. तुम्ही हसला नाहीत. माझा हात धरलात, मंडईत भाजी पारखावी तसा उलटासुलटा पाहिलात आणि म्हणालात, "येईल. शनिवारी घरी ये. आईला बरोबर आण." हात पाहिलात. म्हणजे तो किती लहान आहे हे तेव्हाच तुम्हाला कळलं असणार.

हडपसरहून बसने आई मला आणायची आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसायची, कारण पियानोच्या खोलीत तिसरी खुर्ची मावत नव्हती. तुम्ही तिच्यापुढे मटारची टोपली सरकवायचात, "बसल्या बसल्या होईल हो तुमच्याच्यानं," आणि निघताना त्यातलेच ओंजळभर दाणे तिच्या पिशवीत टाकायचात. त्या घरातला एक दिवस मला पुरा आठवतो. परीक्षेच्या पीसमध्ये एका ठिकाणी डाव्या हाताला लांबचे दोन सूर एकदम घ्यायचे होते. माझ्या हातात आठ पांढऱ्या पट्ट्या मावतात, त्याही ताणून. मी खालचा सूर हळूच सोडून दिला. तुम्ही झाकणावर पेन्सिल आपटलीत.

"खालचा सूर कुठे गेला?"

"मिस, बोट पोचत नाही."

"मग लिहिणाऱ्याला तसं कळव. पोचत नाही म्हणून गाळणारी तू कोण? एकदम नाही जमत तर एकामागून एक घे, हात उडव, पण घे."

स्वयंपाकघरात मटार सोलायचा आवाज थांबला होता. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "बाई कडक आहेत. पण खोटं नाही सांगणार कधी." हे वाक्य मी इतकी वर्षं तुमच्या नावापुढे लावून ठेवलं होतं.

दहावीच्या निकालानंतर तुम्ही मला तो शाळेच्या हॉलमधला पीस दिलात, तुमच्या अक्षरात उतरवलेला. यात संशय घ्यायला जागाच नव्हती. छापील पुस्तकं महाग आणि मिळायची मुश्किलीने, म्हणून तुमच्याकडे सगळ्याच मुलांचे पीस तुमच्या हाताने उतरवलेले असायचे. दर शनिवारी तुम्ही नवी ओळ द्यायचात. पीस बसेपर्यंत दुसऱ्या कुणाचं वाजवणं ऐकायचं नाही, हा तुमचा नियम मी पाळला. बसल्यावर ऐकलं, तेव्हा रेकॉर्डिंगमधला डावा हात जास्त भरीव वाटला. मी कारण शोधलं: त्यांचा पियानो मोठा, तारा लांब, म्हणून खालचे सूर जाड. कारण शास्त्रीयदृष्ट्या इतकं बरोबर होतं की पुढे तपासायचं मला सुचलंच नाही. आज मी हिंजवडीत यंत्रांच्या कंपनांची चाचणी घेते. बरोबर वाटणारं पहिलं कारण सापडलं की थांबायचं नाही, असं नव्या मुलांना सांगते.

हा पीस माझ्यासाठी काय होता ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात गणित अडलं, नोकरीत एखादं काम सगळ्यांनी अशक्य म्हणून सोडलं, की मी मनात म्हणायचे, जे आपल्याला कधीच येणार नाही असं वाटत होतं ते एकदा आलेलं आहे. गेली अनेक वर्षं मी या एका वाक्यावर उभी आहे.

औंधला एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी शनिवारी सकाळी आम्ही हौशी वाजवणारे जमतो. मी त्यांना काका म्हणते. पहिल्या दिवशी नव्या माणसाने आपला स्वप्नातला पीस सांगायचा, अशी तिथली पद्धत आहे. माझ्याबरोबरच आलेल्या, नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या मुलाने एक अचाट वेगाचा पीस सांगितला. काका म्हणाले, "छान. शेजाऱ्यांचं स्वप्न काय आहे, ते विचारलंत का?" मग मला विचारलं. मी म्हणाले, "माझा शिकून झालाय."

"बाप्पा! झाला पण?" तो मुलगा म्हणाला. "मग ऐकवा ना!"

मी वाजवला. चुकले नाही. काकूंनी कपबश्या न वाजवता ट्रे खाली ठेवला. काका म्हणाले, "सुरेख. ही सोपी आवृत्ती कुणी करून दिली?"

"सोपी नाहीये. मूळ आहे."

"नाही हो." ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी नुसता डावा हात वाजवला. दहा पट्ट्यांचं अंतर, पुन्हा पुन्हा. शाळेच्या हॉलमधला तोच आवाज. मला पाचवीतला दरवाजा आठवला आणि त्याच क्षणी माझ्या हातातलं सगळं उसनं झालं.

मी कारणं शोधून पाहिली आहेत. दया म्हणावी, तर परीक्षेच्या पीसला ती का नव्हती? तिथे परीक्षक ऐकणार होता. इथे ऐकणारी फक्त मी होते, आणि मला कळू नये याची सोय तुम्ही नियम घालून केली होतीत. तुम्ही सांगू शकत होतात: मूळ असं आहे, तुझा हात एवढा आहे, मी तुझ्यासाठी असं केलंय. मी रडले असते. मग तुमचंच शिकले असते, किंवा हात उडवत मूळ घेऊन बसले असते. ते मी ठरवायचं होतं, मिस. तुम्ही पीस सोपा केलात याचा राग नाही. मला तो अवघड म्हणून दिलात, याचा आहे.

मूळ आता मी घेतला आहे. पहिल्याच ओळीत बोटं सवयीने तुमच्या जागेवर जातात, मी त्यांना उचलून मागे आणते. मनगट दुखतं. प्रगती म्हणावी अशी काही नाही.

त्या दिवशी काका पुढे म्हणाले होते, "पण काम नामी आहे हं. डाव्या हाताचा वरचा सूर काढलाय आणि उजव्या अंगठ्याने तो असा भरून घेतलाय, की पोकळी जाणवत नाही. कुणी केलंय?" मी म्हणाले, माझ्या मिसनी. काकूंनी लगेच पंजा पुढे केला. "माझा हात बघा, पुरीएवढा. विचारा ना त्यांना, आणखी कुठले पीस असे केलेत का." मी म्हणाले, "विचारते."

तुम्ही गेलात हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकू "अरेरे" म्हणाल्या असत्या, काकांनी मान खाली घातली असती आणि चहा संपायच्या आत त्या खोलीने तुम्हाला माफ करून टाकलं असतं. ते त्यांनी करायचं नाही. दर शनिवारी काकू दारातच विचारतात, "बोललात का हो मिसशी?" आणि मी चपला काढत सांगते, अजून भेट नाही झाली.