हेरिटेज डब्यातला फ्रिज

द्वारका, रविवार संध्याकाळ

तो फ्रिज काही डोक्यातून जात नाहीये.

सकाळी समीर, इरा आणि मी वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसायला गेलो. तिकिटं तिघांचीही काढली होती. डब्याला दोन उंच पायऱ्या, आणि मी व्हीलचेअरवर. रॅम्पचं विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, हेरिटेज डिब्बा है, रॅम्प के नियम से छूट है. एक कील भी नहीं ठोक सकते." ठीक आहे, जुन्या लाकडाला धक्का लावू नये हे मलाही कळतं. पण मग खिडकीतून दिसत होता तो दोन दारांचा चकचकीत फ्रिज? तोही हेरिटेजच का?

समीर म्हणाला, "जाऊ दे गं, नियमच आहे. आम्ही एक फेरी मारून येतो." इतक्या पटकन? मी बसले फलाटावर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत.

आत्ता जेवताना इराला सहज विचारलं, "एवढा मोठा फ्रिज आत चढवला कसा असेल गं?"

"आई, लंबावाला फट्टा आहे ना तिथे! कोल्ड ड्रिंकचे क्रेट्सपण अंकल त्याच्यावरूनच ढकलत आणतात."

फट्टा म्हणजे फळी.

"बाबांनी बघितला?"

"बाबांनीच तर बाजूला सरकवला. आमच्या सीटसमोरच होता."

समीर पाणी आणायला उठला. घरच्या फ्रिजचं दार बराच वेळ उघडंच होतं, आणि तो त्याच्यामागे.