ठेच्याचा फोटो

प्रिय माय,

रविवारी तुझं पुण्यानुमोदन. तू जाऊन वर्ष झालं. उद्या दुपारपर्यंत फोटोवाल्याकडे फोटो द्यायचाय, आणि बाबांनी काढून ठेवलेला फोटो मला तुझा वाटतच नाही. म्हणून तुलाच लिहितेय.

तो तुझ्या शेवटच्या वर्षातला आहे. गाल फुगलेले, डोळे बारीक, हनुवटी गळ्यात हरवलेली. मला हवी आहेस ती हसली की गालाची हाडं वर येणारी तू. ती कुठं गेली ग?

तुझ्या तोंडात पांढरी जाळी धरायची, आग व्हायची. कित्येक वर्षं दूधभाकरीवर काढलीस. मग परभणीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी दिली. पाण्यात विरघळवायची, चूळ भरायची, थुंकून टाकायची. चूळ तू भरलीस. थुंकली मात्र नाहीस.

हळूहळू चेहरा भरला. सगळं पेडगाव खूश. शेजारची कौसाबाई म्हणाली, "लय सुटलीस की ग. लेकीनं बदाम धाडले का काय?"

"धाडलेत. पर तुला न्हाई देणार," तू म्हणालीस.

मग बांगड्या भरताना मनगटावर निळे डाग पडू लागले. साखर वाढली. उठताना मांड्या लटपटायच्या. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, चूळ थुंकता ना?"

"थुकायला ते काय तंबाखू हाय का सायेब? औषीद हाय."

डॉक्टर हसले नाहीत. तोंडापुरतं औषध रोज पोटात जात होतं. त्यानं हार्मोन बिघडले होते, शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणंच सोडलं होतं. गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, म्हणून थोडी थोडी कमी करायची ठरली. चेहरा उतरायलाही लागला होता. मी वाट पाहत होते. तेवढ्यात थंडीत न्यूमोनिया झाला.

एकदा विचारायचंस ना माय, थुंकायचं कशाला म्हणून?

आज बाबांशी वाद घातला. "हा आजाराचा चेहरा आहे, बाबा."

ते बाहीनं फोटो पुसत होते. "आसंल. पर त्या साली तिनं माझ्या ताटातला ठेचा खाल्ला. किती वर्षांनी. डोळ्यातून पाणी यायलं होतं अन् हसायली होती. तवाच काढलाय मी हा."

मी पुन्हा पाहिलं. ओठाच्या कडेला हिरवा ठेचा लागलाय. इतके दिवस मला नुसते गाल दिसत होते.

हाच फोटो लावते, माय. ओठावरचा ठेचा पुसू नका, असं फोटोवाल्याला बजावून सांगेन. रविवारी कौसाबाई म्हणेल, कशी गुटगुटीत झाली होती. तो चेहरा कशानं भरला होता ते तिला सांगेन, येईल त्या प्रत्येकाला सांगेन. मग पंगतीत ठेचा वाढेन. तुझ्या हातची चव यायची नाही. पण बाबांच्या ताटात थोडा जास्तच वाढेन.

तुझी,
सुमन