दुसरा पाय

ता. ४

ती. काकांस, ठमीचा शि. सा. न. वि. वि.

काकूंचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, असं कालपर्यंत लिहिता आलं असतं. तुमच्याकडून छापून आलेले टी-शर्ट उघडले आणि तशीच पत्र लिहायला बसले. आमच्या संस्थेच्या लोगोतला खेळाडू एका पायावर आणि कृत्रिम पायाच्या एका वाकड्या पात्यावर धावतो. या एकशेवीस टी-शर्टांवर तो चक्क दोन पायांवर धावतोय!

लोगो कुठेही जसाच्या तसाच हवा, हे सगळ्यांना ओरडून सांगणारी मीच. पाय गमावलेल्यांना आम्ही धावायला शिकवतो आणि त्यांच्याच छातीवर हे? रविवारी शर्यत आहे. तो खेळाडू आपल्या दादाच्या फोटोवरून काढलाय, हे तुम्हाला मी सांगायचं? कारागिराने घोळ घातला असेल तर त्याचे कान उपटा. दादाला अजून कळू दिलेलं नाही.

माया आहेच, उत्तरही लगेच यावं.

ठमी

ता. ६

चि. ठमीस काकाचे अ. उ. आ.

कान माझेच उपट. छपाईची जाळी मीच केली. सहा वर्षं तुमच्या पाट्या, झेंडे रंगवले, कधी रेघ हलली नाही. तुझं पत्र वाचून जाळी उजेडात धरली, तर तिच्यातही दोन पाय. तो पाय मी कधी काढला, खरंच आठवत नाही गं.

दादाचा पाय गेला त्या अपघातात गाडी मी चालवत होतो. तेव्हापासून त्याला माझ्या गाडीत बसवायचा धीर झालेला नाही. टी-शर्ट परत पाठव. पाय पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर पातं काढतो. संस्थेने काम काढून घेतलं तरी तक्रार नाही, पण त्याला सांगू नकोस.

म्हाताऱ्यावर फार रागावू नये.

काका

ता. ८

ती. काकांस, शि. सा. न.

तुमचं पत्र दादानेच फोडलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, की लोगो बदलायचा नाही म्हणजे नाही, आणि माझं पातं पायापेक्षा जोरात पळतं, हे काकांना कळव.

टी-शर्ट पाठवत नाही. शनिवारी तुम्हीच रंग घेऊन यायचं, गाडी घेऊन. रविवारी शर्यतीला जायची टॅक्सी त्याने रद्द केली आहे.

वाट पाहतोय, दोघंही.

ठमी