टाकी झाली की निघू

सौंसर, १४ सप्टेंबर

प्रिय पल्लवी,

सप्रेम जयभीम. माझं पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूचा, आपल्या आत्याबाईंचा, गुडघा दुखतो, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी नसावी. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे बोलता येत नाही हे तू जाणतेस. नळ योजनेच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिली, त्यामुळे लिहिणं त्यातल्या त्यात जमतं.

तुझे वडील शालिकरामजी मध्ये येऊन गेले. पोहे खाल्ले, पावसाचं बोलले, कपाशीचं बोलले, आणि जायला उठले. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. पांढुर्ण्याची बस लागली, तेव्हा एक पाय पायरीवर ठेवून ते मुद्द्याचं बोलले. तू शिकवतेस त्या शाळेतल्या गौतम सरांनी तुला मागणी घातली आहे, माणूस सरळ आहे, आणि तू म्हणालीस की मामाजी हो म्हणतील तरच, म्हणजे मी, तुझा सासरा. मग बसमध्ये चढता चढता म्हणाले, "अन् एक विचारून राहिली ते. लग्न झाल्यावर मामाजीले काय म्हणू?" कंडक्टरने घंटी मारली. मी फक्त हात वर केला. तुझा बाप तसाच परत गेला आणि तू अजून वाट पाहत असशील. उत्तर देतो. पण त्याआधी माझ्या पोराच्या, अतुलच्या, गाडीच्या टाकीचं सांगायचं आहे, कारण ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

ती जुनी फियाट त्याने पांढुर्ण्याच्या डॉक्टरांच्या गोठ्यातून ओढत आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडीची अंडी निघाली होती. शेजारचे रघुनाथराव म्हणाले होते, "अतुल, गाडी घेतली का खुराडं?" बोरगावच्या कंपनीतून दमून यायचा आणि चहा न घेता गाडीखाली शिरायचा. तू पाने हातात देत बाजूला बसायचीस. इंजिन झालं, सीट झाल्या, तू निवडलेला फिकट हिरवा रंग झाला. राहिली एकटी पेट्रोलची टाकी, आतून गंजलेली. तुला माहेरी जायचं असलं की तो म्हणायचा, "टाकी झाली की निघू." आत्याबाई बाजारात चला म्हणाल्या तरी तेच. शेवटी तर भाजीत मीठ कमी पडलं तरी आपण सगळे तेच म्हणायचो.

सुरेश मेकॅनिकने तेव्हाही सांगितलं होतं की तेजाब टाका आणि मोकळे व्हा. अतुलने ऐकलं नाही. जुना पत्रा आहे, तेजाबाने जाळी पडेल म्हणाला. आपल्याकडे आंबिया बहाराची गळ झाडाखाली सडून जाते, त्या गळून पडलेल्या कच्च्या हिरव्या संत्र्यांचा आंबट रस टाकीत भरू, त्याने जंग सुटेल, असं त्याचं म्हणणं होतं. गळ पडायची वाट पाहत होता. त्याच श्रावणात त्याला ताप आला, आणि पुढचं तुला मी काय सांगू.

त्यानंतरच्या बहारात मी गाडीवरचं कापडही काढलं नाही. त्याच्या पुढच्या बहारातही नाही. शालिकरामजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी रघुनाथरावांच्या बगिच्यात जाऊन गळ मागितली. त्यांनी दोन पोती सायकलला बांधून दिली. सुरेशने येऊन टाकी खाली उतरवून दिली. आत डॉक्टरांच्या काळचं पेट्रोल आटून डिंकासारखं चिकट झालं होतं. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. आधी रॉकेलने तो डिंक सोडवला. मग मी रस काढायला बसलो. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोक संत्र्याचा रस माणसाले पाजतात, अन् हे लोखंडाले पाजून राहिले." पण थोड्या वेळाने स्वतःच विळी घेऊन बसल्या. मी रस गाळायचं विसरलो. चोथ्यासकट ओतला, तो खालच्या नळीत अडकला आणि सकाळी टाकीला मुंग्यांची रांग लागली. आत्याबाईंनी रस गाळायला आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं माझ्या अंगावर टाकलं. सगळं काढून पुन्हा केलं.

नुसत्या रसाने जाड पापुद्रे निघत नाहीत. आत बारीक गिट्टी आणि सायकलची जुनी चेन टाकून टाकी हलवावी लागते. माझ्या हातांनी ते होईना. तेव्हा आत्याबाईंनी आतून जाड दोराचा नाडा आणला. ओसरीच्या आढ्याला त्या दोन कड्या आहेत ना, अतुलच्या पाळण्याच्या, त्यांना आम्ही टाकी गोधडीत गुंडाळून टांगली. त्यांनी पाय पसरून दोरी धरली आणि ओढायला लागल्या. आत गिट्टी खळखळत होती. मी म्हटलं, दमशील, दे इकडे. त्यांनी दिली नाही. उन्हं ओसरीतून उतरून अंगणात गेली तरी त्या झोका देत होत्या. मी चहा केला, तो तसाच थंड झाला.

रस बाहेर ओतला तो शाईसारखा काळा. सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली, वाळवली, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं तर पत्रा नव्या ताटासारखा. सुरेश बजावून गेला होता, "काका, कोरी ठेवू नका. वाळली की लगेच पेट्रोल भरा, नाहीतर हवेनं पुन्हा लाल होते." पेट्रोलचा डबा आणून ठेवलेलाच होता. मी भरलं नाही. डबा हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आत सगळीकडे लाल भुकटी. आत्याबाईंनी टाकीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "पोराचं काम संपूच द्यायचं नाही का तुमाले?" त्या पदर खोचून विळीपाशी जाऊन बसल्या आणि उरलेलं पोतं ओढलं. या वेळी वाळल्याबरोबर पेट्रोल भरलं. डबा त्यांनीच वाकवला, मी फक्त टाकीच्या तोंडात चाडी, म्हणजे नरसाळं, धरली.

काल सुरेशने टाकी बसवली. गाडी आधी खोकली, मग धूर सोडला, मग चालू झाली. जामसांवलीच्या फाट्यापर्यंत मी चालवत नेली. आत्याबाई शेजारी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. येताना म्हणाल्या, "हळू चालवा, नवरीचं सामान ठेवायचं हाये मागं." मी त्यांना शालिकरामजींचं काही सांगितलं नव्हतं. तुझ्या बापाने बहुतेक पोहे खातानाच सांगून टाकलं असावं. मला तेवढं बसच्या पायरीवर.

तेव्हा उत्तर. माझा हो आहे. आत्याबाईंचा माझ्या आधीपासून आहे. गौतम सरांना सांग की लग्नात आम्ही मुलीकडच्या बाजूने बसणार. बुद्धविहारात तुला घेऊन जाणारी गाडी आमची राहील आणि चालवणार मी. ती गाडी मग तुमच्याकडेच ठेवा. उभी ठेवू नका, टाकी रिकामी ठेवू नका. आणि मला मामाजीच म्हण. नव्या घरातही एक मामाजी असतील, तर असू देत. एका हाकेला दोन म्हातारे उठले तर तुझं काय जातं. हे पत्र मी आधी लिहू शकलो नाही, कारण त्यातलं शेवटचं वाक्य अतुलचं होतं आणि माझ्या तोंडून निघत नव्हतं. येत्या रविवारी सकाळी तुझ्या माहेरच्या दारात हॉर्न वाजला की बाहेर ये. पल्लवी, टाकी झाली. निघू.

तुझाच,
मामाजी